तिसरी वाघीण

कपाटाची जुनी फळी : चार फूट लांब, तेरा इंच रुंद.
एवढ्यात मला बर्टनच्या बिअर-कारखान्याचा फाटा बसवायचाय.
सगळा नाही. सगळा बसवायचा तर
आमचा अख्खा बोळ लागेल,
शिवाय शेजारच्या हॅझलडाइनबाईंचं अंगण.

तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढली मी.
अख्ख्या गावाचे जबडे प्लास्टरमध्ये ओतले,
मेणात दाढा कोरल्या,
अर्ध्या मिलिमीटरवरून डॉक्टरांशी भांडले.
त्यामुळे विटांच्या भिंतीची मला भीती नाही.
भीती वळणाची.
रूळ वळायला जागा मागतो, रुसलेल्या जावयासारखा,
आणि तेरा इंचांत त्याचा मान राखणं कठीण.

म्हणून वळणच काढून टाकलं.
मग पाण्याची टाकी गेली, पिंपं बांधणाऱ्यांची शेड गेली,
नदीवरचा पूल, तोही.
वजन जास्त झालेल्या बॅगेतून साड्या काढाव्यात
तसं एकेक काढत गेले,
आणि दर वेळी वाटलं, हीच लागली असती तर?

उरलं ते एवढं :
एक लांब रूळ, त्याला फुटलेले दोन आखूड,
माल्टचं कोठार, रस्त्यावरचं फाटक.
आठ डबे, सांगेल त्या क्रमाने लावायचे.
इंजिन एकच, चार चाकांचं, गुटगुटीत.

बुधवारी क्लिफर्ड ऑर्गिल आला.
सोळाव्या वर्षापासून त्या फाट्यावर शंटिंग करायचा,
आता एक्याऐंशी. हाताला कंप,
पण कप बशीत ठेवताना आवाज होऊ देत नाही.
नकाशा त्याने उलटा धरला, मग सुलटा, मग परत उलटा.
"डब्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"
वाघीण, म्हणाले मी. मालाच्या डब्याला वाघीण.
आणि जंगलातल्या वाघिणीलाही तेच.
तो इतका हसला की चष्मा पुसावा लागला.
"फार उशिरा सांगितलंत, मिसेस टिपणीस.
मी काय समजून रोज त्यांच्या मधे शिरत होतो!"

मग माल्टच्या रुळावर बोट ठेवलं.
"हा केवढा?"
साडेनऊ इंच. तीन वाघिणी नीट मावतात.
"मावत नव्हत्या," तो म्हणाला.

तिथे आता सुपरमार्केट आहे.
दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारी लावायच्या जागेत,
तो बुटांच्या टाचा जुळवून, मी वही घेऊन.
फाटक इथे.
कोठाराची भिंत तिथे, जिथे ट्रॉल्या
एकमेकींत घुसवून ठेवल्यात.
तो मोजत चालला.
कुणीतरी हॉर्न दिला. क्लिफर्डने न बघता हात वर केला,
हातात लाल झेंडा असल्यासारखा,
आणि ती मोटार खरंच थांबली.
वीस पावलं.

घरी येऊन शहात्तरने भागलं.
आठ इंच. त्याहून केसभर कमीच.

मालकांचं मोजमाप चुकलं, की पुढची जमीन मिळाली नाही,
हे त्याला ठाऊक नाही.
तिसरीचं शेपूट रोज रस्त्यावर, एवढं ठाऊक आहे.
फाटक फिरायचं नाही,
सायकली अडायच्या, दुधाची गाडी अडायची,
आणि बसचा ड्रायव्हर शिव्या द्यायचा,
रोज त्याच, शुक्रवारी नवीन.
पुढच्या दोन आत ढकलून, एक परत ओढून,
पुन्हा लावून बघण्यात त्यांची सकाळ जायची.

मी लॅबमधली बारीक करवत काढली.
साडेनऊ इंचांचा रूळ दीड इंचाने कापला.
छान बसलेला दात मुद्दाम घासून बिघडवावा,
तसं वाटलं.

रात्री इंजिन जोडलं.
पहिली आत. दुसरी आत.
तिसरी अर्धी बाहेर, फाटकात शेपूट अडकवून उभी.

रस्त्यावर मी अजून माणसं ठेवलेली नाहीत.
क्लिफर्डचा फोन आला होता :
बस आधी ठेवा.
शिव्या मी पुरवतो.